भेगेवरची काच

तुमचा फोन अजून वाजतो. जपानात कुठेही जमीन जराशी हलली, की तुमच्या त्या ॲपमधून टुंग असा आवाज येतो आणि मी हातातलं टाकून उठते. उठून मला करायचं काहीच नसतं. जे करायचं ते तुम्ही करायचात. आंजीहून माझा भाऊ आला होता, तो म्हणाला, "बाई, बंद कर न तो फोन. मानूस गेला, आता कायले सुरू ठेवते?" मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि फोन चार्जिंगला लावला. फोन भिंतीतल्या देवळीत, तुमच्या फोटोशेजारी असतो. फोटोला हार आहे, फोनला वायर आहे.

तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. कसे गेलात, कोण धावत आलं, हे आता आपल्या सगळ्या नालवाडीला पाठ झालं आहे. मला ते पुन्हा सांगायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आयुष्यभर भांडलो आणि शेवटचं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात, ही काही रीत झाली नाही.

आपलं सगळ्यात जुनं भांडण पाण्याचं. मी आंजीच्या वावरातून आलेली, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या घरची पोर. तुम्ही वर्ध्याच्या शाळेत भूगोल शिकवायचात आणि उद्याचा तास आज माझ्यावर काढायचात. मी भाकरी थापायची आणि तुम्ही ओट्याला टेकून सांगायचं. समुद्राखालची जमीन जड असते. ती खंडाच्या हलक्या जमिनीला येऊन भिडली, की मागे सरत नाही, वाकते आणि तिच्याखाली शिरते. नखं वाढतात त्या वेगाने शिरत राहते, लाखो वर्षं. मी विचारायचे, "खाली जाऊन करते काय?" हा प्रश्न आला की तुमचा चेहरा उजळायचा.

"पोट्टे पेपरात लिहितेत का ते वितळते अन् वर येते. तसं नाई," तुम्ही म्हणायचात. "ते जमीन थंडी असते. ते आपल्यासंगं पाणी घेऊन जाते, खडकात मुरलेलं, समुद्राचं. खोल गेलं का ते पाणी सुटते अन् वरच्या तापलेल्या खडकात चढते. तो खडक तापून तापून बसला होता, पण घट्ट होता. पाणी लागलं का वितळाले लागते. मंग हलका होऊन वर येते. तोच ज्वालामुखी."

"पाण्यानं आग विझते, मास्तर. लागत नाई."

यावर तुम्ही एकदा दोन कढया चुलीवर चढवल्या. एकीत नुसता गूळ, दुसरीत गूळ आणि पळीभर पाणी. पाण्याचा गूळ लगेच सैल होऊन बुडबुडे काढू लागला. कोरडा तसाच ढेकळासारखा बसून राहिला आणि मग खालून करपला. तुम्ही हात कमरेवर ठेवून म्हणालात, "पटलं?" मी म्हटलं, "माही कढई जळाली, हे पटलं." त्यानंतर दर वर्षी तो धडा आला की तुम्ही विचारायचात, पटलं का. मी दर वर्षी नाही म्हणायचे. पटलं म्हटलं असतं, तर तुम्ही स्वयंपाकघरात येऊन उभे राहिला नसता.

भूकंपाचं मला लवकर कळलं, कारण ते तुम्ही आपल्या मागच्या दारावर शिकवलंत. पावसाळ्यात ते दार फुगतं. ढकला, ढकला, हलत नाही. मग एकदम सुटतं आणि ढकलणारा अंगणात पडतो. ती शिरणारी जमीनही अशीच अडकून बसते, तुम्ही म्हणायचात. वरच्या जमिनीची कड धरून तिला आपल्याबरोबर खाली ओढत राहते. शंभर वर्षं, दोनशे वर्षं. वरून सगळं शांत दिसतं. मग एका क्षणात पकड सुटते, दबलेली कड उसळून वर येते, वरची गावं हलतात आणि समुद्राचं पाणी ढकललं जातं. एका श्रावणात तुम्ही दार ढकलताना चपलांच्या ढिगावर पडलात आणि तिथूनच म्हणालात, "घ्या, हा भूकंप." आपली प्राची तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. ती इतकी हसली, की तिला उचकी लागली.

आणि त्या वर्षीची गल्ली आठवते? हे घर नवं होतं. वैशाखातली दुपार, सगळे जेवून पडलेले, आणि आपल्या हॉलची भिंत कडकन वाजून वरपासून खालपर्यंत फाटली. शेजारच्या काकूंच्याही भिंतीत तशीच भेग निघाली. झालं, भूकंप भूकंप करत आख्खी गल्ली भांडीकुंडी, गाद्या घेऊन बाहेर. तुम्ही बनियनवर रस्त्याच्या मध्ये उभे राहून तास घेऊ लागलात. दोन जमिनी भिडतात अशा कोणत्याही काठावर आपण नाही, जपान काठावर आहे, अंदमान काठावर आहे. आपली काळी माती लाव्ह्याच्याच दगडाची आहे खरी, पण तो लाव्हा जमिनीला भेगा पडून वाहिला, कोणी कोणाखाली शिरलं म्हणून नाही, आणि तेही माणूस जन्मायच्या कितीतरी आधी. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे जी मास्तर, पण माही भिंत कोनं फाडली?"

"काकू, माती वाळून राह्यली. काळी माती वाळली का आकसते, पायवा बसते, भिंत फाटते. पाणी पडलं का फुगन अन् भेग मिटन."

"तुमची माती वाळली असन. आमची तं हालली."

दोन दिवस गल्लीने अंगणात स्वयंपाक केला. तुम्ही चिडून वर्ध्याला गेलात, फोटो फ्रेम करणाऱ्याकडून काचेची एक पट्टी कापून आणलीत आणि भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटच्या टिकल्या लावल्यात. भूकंप असेल तर कधीही तुटेल, माती असेल तर दर उन्हाळ्यातच तुटेल, बघा म्हणालात. पाऊस यायच्या आत काच तडकली. पुढच्या आखजीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही नवी लावलीत. तीही तडकली. काकूंना पटलं की नाही देव जाणे, पण तुम्हाला नाद लागला तो लागला. लोक आखजीला सोनं घेतात, जमीन नांगरतात, पितरांची घागर भरतात. आपल्या घरी घागर भरून झाली की भेगेवर काच लागायची. प्राची स्टुलावर चढून सिमेंटची वाटी धरायची. तिचं शिक्षण तिथेच सुरू झालं, शाळेत नंतर.

मग ती नागपूरला भूशास्त्र शिकली आणि पुढे जपानला गेली. काम काय, तर जमीन अडकून बसली आहे ती कुठे, किती, हे यंत्रं लावून ऐकायचं. तुम्ही वर्धाभर सांगत फिरलात. मी भाजी घेऊन बाजारात बसायचे, तिथे माझ्याकडून वांगी घेणाऱ्या बायांनाही तुम्ही सांगितलंत. आणि पहिल्यांदा तिकडे जोराचा धक्का बसल्याची बातमी आली, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. जी गोष्ट तुम्ही इतकी वर्षं खडू हातात घेऊन मजेत सांगितली होती, तिच्या काठावर आता आपली पोरगी राहत होती. मला तितकी भीती वाटली नाही, कारण मला तितकं कळत नव्हतं. तुम्हाला सगळं कळत होतं. कोणत्या जमिनीखाली कोणती जमीन शिरते, ती कुठे अडकली आहे, सुटली तर काय होईल. ते ॲप तुम्ही त्याच आठवड्यात घेतलंत.

मागच्या दिवाळीत ती आली होती तेव्हाचं तुम्हा दोघांचं ते भांडण. तिने सांगितलं, तिथली नोकरी पक्की झाली, आता तिथेच. तुम्ही म्हणालात, परत ये, नागपुरात कॉलेजात लागशील.

"बाबा, तुमीच तं मले हे सगळं शिकवलं. आता तुमीच भेता काऊन?"

"शिकवणं येगळं. पोरगी ठेवणं येगळं."

"मंग शिकवाले नोको होतं."

तुम्ही ताटावरून उठलात. चकल्या तशाच राहिल्या. ती दोन दिवस आधी निघून गेली आणि त्यानंतर तुम्ही बापलेक एक वाक्य बोलला नाहीत. मी फोनवर बोलायचे, तुम्ही बाजूला बसून ऐकायचात आणि नाही ऐकत असं दाखवायचात. फक्त तो टुंग वाजला, की तुम्ही तिला एक प्रश्नचिन्ह पाठवायचात. अक्षर नाही, नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. तिचं उत्तर यायचं, ठीक. तेवढं वाचलं की तुमचा जीव भांड्यात पडायचा आणि तुम्ही पेपर उघडायचात. मी मधे पडून दमले. दोघंही एका मातीचे, कोणीच हलायला तयार नाही.

आणि मग माघातली ती संध्याकाळ. आपण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. भावाने आंजीहून पाठवल्या होत्या. तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत. मग भिंतीकडे बघत म्हणालात, "तिचंच बरोबर आहे. जमीन हालते तिथंही लोक राह्यतेतच न. अन् आपली जमीन हालत नाई, तरी भिंत फाटतेच." पुढची शेंग उचलत म्हणालात, "मी भेलो. मास्तर असून भेलो."

"मंग सांगा न तिले. आता लावू फोन?"

"आता नाई. आखजीले. काच लावतो अन् व्हिडिओ कॉल करतो. तिले काच दाखवतो, मंग सांगतो. तू बोलू नोको मधी, मले सांगू दे."

मी हो म्हटलं. आता यावर मला भांडायचं आहे. तुम्ही कधी मुहूर्त पाहिलात? आपल्या लग्नाच्या मुहूर्तावर तुम्ही भटजींना हसलात. घराचा पाया अमावास्येला खणलात. पोरीला राहुकाळात विमानात बसवलंत आणि माझी थट्टा केलीत. आणि आयुष्यात एकदा, एकाच गोष्टीसाठी तुम्हाला मुहूर्त हवा झाला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पाहिजे होता तुम्हाला. फाल्गुनातच गेलात. माझा राग कुठे ठेवू, ते सांगून गेला असतात तरी चाललं असतं.

ती दोन विमानं बदलून पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ऊन फार होतं, लोक म्हणाले थांबता येणार नाही, आणि त्या दिवशी माझं काही चालत नव्हतं. ती आली, तुमच्या खुर्चीपाशी उभी राहिली, बसली नाही. सगळे दिवस ती घर झाडत होती, भांडी घासत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती. तेरवीच्या पंगतीत ती कढी वाढत होती, आणि तुमचा फोन वाजला. टुंग. ती पळी हातात घेऊन थांबली. मी देवळीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. ती इथे होती, सुखरूप होती, आणि विचारायला तुम्ही नव्हता. पळीतली कढी खाली गळत राहिली.

निघायच्या दिवशी ऑटो दारात आला. बॅग चढवली. पाया पडायला वाकली आणि वर न बघताच म्हणाली, "आई, बाबा माह्यावर रागावूनच गेले न?" मला बोलता आलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, मला सांगू दे. मी तुमची वाट पाहिली बहुतेक. खरंच, मी मान वळवून आत पाहिलं. तेवढ्यात ऑटोवाला म्हणाला, "ताई, गाडी चुकन." ती गेली. तिने माझ्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला, ते मला समजत होतं, आणि मी फाटकाला धरून उभी होते.

त्यानंतर मी तिच्याशी रोज बोलत होते, भाजीचं, हवेचं, काकूंच्या गुडघ्याचं. ते सोडून सगळं. फोनवर ते सांगणं मला खोटं वाटायचं. तिने म्हटलं असतं, आई माझं मन राखते आहे.

तुमचा फोटो फ्रेम करायला मी आणि भाऊ गेलो होतो, तुम्ही काच आणायचात त्याच दुकानात. दुकानदाराने फोटो बांधून दिला आणि वर एक लांबट पुडकं ठेवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी विचारलं हे काय. "मास्तर येतेत न जी दरसाल आखजीच्या आंधी. या साली तुमीच नेऊन ठेवा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. काचेची ती पट्टी मी देवळीत तुमच्या फोटोमागे ठेवली.

आज आखजी. जाऊबाई म्हणाल्या, वर्ष झाल्याशिवाय माणसाला पितरांत धरत नाहीत. भावजय म्हणाली, धरतात. मला तुम्हाला पितरांत बसवायची घाई नव्हती. तुमच्या आईवडिलांची घागर भरली, पळसाच्या पत्रावळीवर चिंचवणी, वडे, कुरडई वाढली, आणि तुमच्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवला. तांब्यात पाणी ओतताना तुमचं ते आठवलं, की पाणी खाली जातं आणि तिथल्या घट्ट बसलेल्या खडकाला सैल करतं. आणि फोन वाजला.

मी हात पुसले. तिकडे जमीन हलली होती, ती तिथे होती, आणि प्रश्नचिन्ह पाठवायला कोणी नव्हतं. मी तुमच्या फोनसमोर नुसती उभी राहिले. मला तो उघडता येत नाही, तुम्ही बोटाने काय नक्षी काढायचात ते मी कधी पाहिलं नाही. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. वर तिचं नाव आणि खाली एकच शब्द. ठीक.

तिला कोणी विचारलं नव्हतं. ती तुम्हाला कळवत होती.

मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला. तिच्यामागे टेबलावरच्या वस्तू पडलेल्या दिसत होत्या, ती त्या उचलत होती. मी काही प्रस्तावना केली नाही. तुरीच्या शेंगांपासून सगळं सांगितलं, तुमच्या शब्दांत, जसंच्या तसं. तिचंच बरोबर आहे. मी भेलो. मास्तर असून भेलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मंग फोन काऊन नाई केला त्याईनं?"

"आखजीची वाट पाहून राह्यले होते."

"आखजी तं आज आहे न, आई."

ती रडली, मीही रडले. तिच्या रडण्याने माझ्या छातीवरचं ओझं काही उतरलं नाही, नुसतं जागचं हललं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, "काच लावली का?"

"मले नाई येत."

"फोन स्टुलावर ठेव. सिमेंट थोडं ओलं घे. दोनी टोकाईले टिकल्या लावजो. मधी नाई, मधी लावली तं भेग हालली ते कसं समजन?"

मी लावली. ती सांगत गेली, डावीकडे घे, दाब, आता सोड. काच वाकडी बसली. तुमची कधी वाकडी बसत नव्हती. भेग यंदा रुंद आहे, ही जास्त दिवस टिकणार नाही.

ते पाण्याचं मात्र ऐकून घ्या. मला ते दोन कढयांच्या दिवशीच पटलं होतं.

आत्ता लिहिता लिहिता फोन पुन्हा वाजला. मी माझा फोन घेतला, तिचं नाव शोधलं आणि एक प्रश्नचिन्ह पाठवलं. उत्तर लगेच आलं.

ठीक. बाबाले सांग.

म्हणून सांगते आहे.